नऊची दहा होते का? ग्रेड झालेली कार्डं पुन्हा पाठवल्यानंतरचा अनुभव

सरळ उत्तर आधीच देते. होते, पण मोजक्याच कार्डांची. आणि कोणत्या कार्डांची होईल हे बरंचसं पाठवण्याआधीच दिसतं, नीट बघायची तयारी असेल तर. गेले कित्येक महिने मी माझ्याकडची ग्रेड झालेली खेळाडूंची कार्डं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून जास्तीत जास्त दहापर्यंतची ग्रेड देऊन स्लॅबमध्ये (लेबल असलेल्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत) सील केलेली कार्डं, पुन्हा तपासणीला पाठवतेय. १९७० च्या दशकातली टॉप्सची बेसबॉल कार्डं, १९८६ च्या फ्लीअर बास्केटबॉल संचातली काही, आणि अलीकडची चकचकीत पृष्ठभागाची क्रोम, प्रिझम कार्डं. बहुतेक कार्डं गेली तशीच परत आली. काही वर चढली. एक खाली उतरलं. या सगळ्यातून माझं मत पक्कं झालंय: ग्रेडरने नेमकं काय पाहून ग्रेड कमी दिली हे कार्डावर बोट ठेवून सांगता येत नसेल, तर ते कार्ड पुन्हा पाठवू नका. 'या वेळी दुसरा कोणी बघेल' एवढ्याच आशेवर पाठवलेल्या कार्डांनी मला फीच्या पावतीपलीकडे काही दिलं नाही.

मुळात पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे तो ग्रेडिंग हे शेवटी माणसाचं मत असतं म्हणून. पीएसए १९९१ पासून, एसजीसी १९९८ पासून आणि बेकेट १९९९ पासून, या तीन ग्रेडिंग कंपन्या हे काम करतायत. निकष छापील आहेत, पण त्यात 'अंदाजे', 'किंचित' असे शब्द जागोजागी येतात, आणि ते यायचेच. कोपऱ्यावरचा टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका एकाला चालतो, दुसऱ्याला खटकतो. मात्र या फरकाचा फायदा फक्त सीमेवरच्या कार्डांना. जे कार्ड भक्कम आठ आहे ते कुठेही पाठवा, आठच राहणार.

सेंटरिंग म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलंय ते. त्यात मताचा भाग कमी आणि मोजमापाचा जास्त, म्हणून मी चाळणी तिथूनच लावते. डावी-उजवी किनार मिळून ५ मिलिमीटर भरली आणि एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २ असेल, तर ते ६०/४०. वर-खाली तसंच. पीएसएच्या १० साठी पुढच्या बाजूला पूर्वी ५५/४५ ते ६०/४० पर्यंत चालायचं. २०२५ मध्ये त्यांनी ती मर्यादा ५५/४५ वर आणली. मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत सूट आहे. या एका बदलाने माझ्या यादीतली बरीच नावं कटली. कोपरे, कडा, पृष्ठभाग सगळं निर्मळ, पण सेंटरिंग ५८/४२. अशी नऊ आता नऊच. उलट बाजूही ध्यानात घ्या. जुन्या निकषाने १० मिळालेलं, ६०/४० च्या जवळचं कार्ड असेल, तर ते काहीही कारणाने स्लॅबमधून काढू नका. ती १० परत मिळण्याची शाश्वती नाही.

मोजताना स्लॅब हातात धरून अंदाज बांधू नये. प्लॅस्टिक जाड असतं आणि नजर जराशी तिरकी झाली की किनार फसवते. मी स्लॅब स्कॅनरवर सपाट ठेवून स्कॅन करते आणि पडद्यावर मोठं करून किनारीचे पिक्सेल मोजते. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी कार्डं याच पायरीवर बाद होतात आणि तेवढी फी वाचते.

आता मार्गांबद्दल. पीएसएच्या स्लॅबमधलं कार्ड पीएसएलाच 'रिव्ह्यू'साठी पाठवता येतं. तिथे कार्ड स्लॅबमध्येच ठेवून पाहतात आणि वरची ग्रेड देण्याजोगं वाटलं तरच बाहेर काढतात. एका कंपनीच्या स्लॅबमधून दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये जायचं असेल तर 'क्रॉसओव्हर'. यात किमान अमुक ग्रेड मिळत असेल तरच हलवा, असं अर्जात लिहिता येतं. तेवढी मिळत नसेल तर कार्ड जुन्या स्लॅबमध्येच परत येतं, फी मात्र जाते. नुसता स्लॅब ओरखडलाय, तडकलाय, तर 'रीहोल्डर'; त्यात ग्रेडचा प्रश्नच येत नाही. आणि चौथा मार्ग म्हणजे स्लॅब स्वतः फोडून कार्ड नव्याने पाठवणं. याचं आकर्षण उघड आहे: ग्रेडरला आधीची ग्रेड दिसत नाही, त्यामुळे तिचं दडपण नसतं. धोकाही तितकाच उघड आहे: परतीची वाट नसते.

फोडण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कार्डांचं खरं नुकसान होतं ते इथे. स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडलेले असतात, त्यामुळे ते 'उघडत' नाहीत, तोडावेच लागतात. मी कटरने लेबलच्या बाजूचा वरचा कोपरा कापते, कारण कार्डापासून सर्वांत लांब तोच. कोपरा उडाला की फट दिसते. तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर जेमतेम टोकापुरता घालायचा आणि हलकेच पिळायचा. कडकड आवाज करत जोड एका बाजूने सुटत जातो. मग दुसरी बाजू. स्क्रू ड्रायव्हर कार्डाच्या उंचीपर्यंत खाली न्यायचा नाही. लेबलच्या पट्ट्यातच राहायचं. दोन्ही कडा सुटल्या की वरचं झाकण सरळ वर उचलायचं, सरकवायचं नाही, कारण सरकवलं की कार्डाचा कोपरा त्याच्याबरोबर ओढला जातो. आत प्लॅस्टिकचा बारीक चुरा पडलेला असतो. तो हवेच्या फुंकणीने उडवायचा. हा चुरा कापडाने पुसलात तर क्रोमवर ओरखडा आलाच. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडे कुठेही उडतात. कार्ड लगेच पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात) आणि मग अर्धकडक होल्डरमध्ये. ग्रेडिंगसाठी हाच होल्डर योग्य. कडक टॉपलोडर नको.

खाली उतरलेलं कार्ड याच मार्गाने गेलेलं. १९८६ च्या फ्लीअर संचातलं, मूळ ग्रेड आठ. कोपरे पाहून मला ते आठच्या वरचं वाटत होतं आणि आजही कोपऱ्यांबद्दल माझं तेच मत आहे. स्लॅबमधून बाहेर आल्यावर मात्र बाजूच्या दिव्याच्या तिरक्या उजेडात मागच्या बाजूला केसाएवढी वळी दिसली. छपाईची शाई न तुटलेली, फक्त कागद दबलेला. प्लॅस्टिकमधून ती कुठल्याच कोनात दिसत नव्हती. नवी ग्रेड सहा आली. मला विचाराल तर दुसरी ग्रेड बरोबर आहे. पहिल्या खेपेला जे निसटलं ते दुसऱ्या खेपेला सापडलं, आणि या कार्डाचा पुढचा मालक जे विकत घेईल ते त्याला खरं कळलेलं असेल. पण ज्यांना अशी शक्यता पचणार नाही त्यांनी जुनी, कागदी कार्डं फोडू नयेत. कागदाची वळी स्लॅबमधून ओळखणं फार अवघड असतं.

वर चढलेल्यांपैकी सर्वांत समाधान देणारं एक क्रोम रिफ्रॅक्टर, म्हणजे उजेडात इंद्रधनुषी चमकणारं कार्ड. ग्रेड नऊ, सेंटरिंग ५२/४८, कोपऱ्यांना दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीही काही नाही. तरी नऊ का, हे मला बरेच दिवस उलगडत नव्हतं. मग अंधाऱ्या खोलीत एकाच छोट्या दिव्याखाली स्लॅब हळूहळू कलता करत नेला, तेव्हा खाली डाव्या बाजूला, खेळाडूच्या नावाच्या पट्टीवर धुरकट डाग दिसला. अंगठ्याचा ठसा. रेषा जवळजवळ मोजता येतील इतका स्पष्ट, पण एकाच कोनात. प्रिंट लाइन, म्हणजे छपाईतच उमटलेली रेघ, असती तर ती सरळ, कडेपासून कडेपर्यंत गेली असती आणि तिच्यावर इलाज नव्हता. हा ठसा वरचा होता. स्लॅब फोडला, कोरड्या मायक्रोफायबरने अजिबात दाब न देता पुसला, पाठवला. दहा आली. 'बोट ठेवून सांगता येतं का' असं मी म्हणते ते हे.

इथेच एक रेघ आखायला हवी. कोरड्या कापडाने ठसा पुसणं वेगळं आणि कार्डावर काहीतरी 'करणं' वेगळं. रसायन लावणं, पॉलिश करणं, दबलेला कोपरा दाबून सरळ करणं, कड कापून धारदार करणं, यातलं काहीही केलं की ते कार्ड बदललेलं ठरतं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण टी२०६ या जुन्या सिगारेट-कार्ड संचातल्या बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं. पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड, ग्रेड आठ. एके काळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या मालकीचं. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. इतक्या नावाजलेल्या कार्डाच्या बाबतीत हे झालं, तर आपल्या हातातल्या सेकंडहँड कार्डाच्या कडा आधीच्या कोणी छेडल्या नसतील याची खात्री कोण देणार? म्हणून फोडण्याआधी कडा भिंगाखाली पाहा. टॉप्सच्या १९५७ पासूनच्या कार्डांचं नेहमीचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. स्लॅबच्या खाचेत कार्ड एका बाजूला अवाजवी सैल दिसत असेल तर मी त्याला हातच लावत नाही.

१९७१ च्या टॉप्स बेसबॉलबद्दल थोडं, कारण माझा जीव त्या संचावर आहे. ७५२ कार्डं, आणि किनार काळी. काळ्या शाईखालचा पांढरा कागद कडेला जरा घासला की लगेच उघडा पडतो, त्यामुळे वरच्या ग्रेडची कार्डं मुळात कमी. लोक त्या पांढऱ्या कडांवर काळं पेन फिरवतात. उजेडात धरलं की पेनची शाई वेगळी चमकते आणि कंपनी ते रंगवलेलं म्हणून ग्रेड न देता परत पाठवते. या संचातली माझी कार्डं मी एकदाही फोडली नाहीत, रिव्ह्यूलाच पाठवली. फोडताना कडेला धक्का लागला की काळ्यावर पांढरं दिसणारच.

आणि या रिव्ह्यूत जी चढली ती जुन्या स्लॅबमधली. पीएसएने अर्ध्या ग्रेड २००८ मध्ये आणल्या. त्याआधी सहा मिळालेल्या कार्डाला साडेसहा मिळायची सोयच नव्हती, मग ते सातच्या कितीही जवळ असो. जुन्या लेबलांचे स्लॅब असतील तर सगळ्यात आधी ते बाहेर काढा. एवढं मात्र लक्षात ठेवा की पीएसएच्या मोजपट्टीत साडेनऊ नाही. त्यामुळे नऊच्या वर थेट दहा, मधली पायरी नाही, आणि ती उडी सगळ्यात अवघड आहे.

बेकेटमधून पीएसएत जाणाऱ्यांसाठी: स्लॅबवरची मोठी ग्रेड बाजूला ठेवा आणि चार उपग्रेड वाचा. सेंटरिंग, कोपरे, कडा, पृष्ठभाग. तीन साडेनऊ आणि एक नऊ असेल तरी एकूण ग्रेड साडेनऊच येते, पण ती एक नऊ कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. बेकेटच्या निकषांत सेंटरिंगच्या नऊला पुढे ५५/४५ चालतं, म्हणजे पीएसएच्या दहाच्या मर्यादेत बसतं. तीच नऊ कोपऱ्यांना असेल तर मी किमान ग्रेड दहा लिहून पाठवण्याच्या फंदात पडत नाही. माझी एक तक्रार आहे: एका कंपनीने क्रॉसओव्हर नाकारून कार्ड परत पाठवलं तेव्हा कारणाची एक ओळही सोबत नव्हती. विचारलं तर ठरावीक साच्यातलं उत्तर. पूर्ण फी घेतल्यावर 'कोपरा' किंवा 'पृष्ठभाग' एवढा एक शब्द लिहायला काय हरकत आहे? ग्राहक दर वेळी त्याच कार्डासाठी पुन्हा फी भरतो तो याच न सांगितलेल्या शब्दासाठी.

फीचा एक मुद्दा नवख्यांना माहीत नसतो. सेवेचा टप्पा कार्डाच्या जाहीर केलेल्या किमतीवर ठरतो. ग्रेड चढली आणि किंमत वरच्या टप्प्यात गेली, की फरकाची फी नंतर आकारली जाते. हिशोब करताना चढलेल्या ग्रेडची किंमत धरून करा. वेळेचा भरवसा धरू नका. २०२१ च्या मार्चमध्ये कार्डांचा इतका पूर आला की पीएसएने बहुतेक सेवा थांबवल्या होत्या.

फोडलेल्या स्लॅबची लेबलं मात्र फेकू नका. पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती कार्डं आहेत याच्या कंपनीच्या नोंदीत, तुमचं कार्ड जुन्या ग्रेडखाली मोजलेलंच राहतं आणि नव्याने गेलं की पुन्हा मोजलं जातं. एकच कार्ड तीनदा फोडून पाठवलं तर कागदोपत्री तीन कार्डं होतात, आणि त्या आकड्यांवर विसंबून दुसरा संग्राहक खरेदी करतो. लेबल कंपनीला परत पाठवलं की ते नोंदीतून काढतात. मी प्रत्येक वेळी पुढच्या पाकिटात जुनं लेबल घालते आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडते.

आता पुढच्या खेपेसाठी जुन्या लेबलांचे १९७१ चे काही स्लॅब निवडलेत, सगळे रिव्ह्यूला. फोडण्यासाठी फक्त एक क्रोम, ज्यावरचा डाग वरचा आहे याची मला खात्री आहे. एका प्रिझम रूकीची, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या हंगामातल्या कार्डाची, नऊ आहे. तिच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाने दाबल्यासारखा खळगा आहे, छापताना किंवा पॅक होतानाच पडलेला. तो पुसून जाणार नाही, म्हणून ते कार्ड आहे त्याच स्लॅबमध्ये राहील.