चित्रपटाच्या आधी रंगवलेली चित्रे: एका पुस्तकासोबतचे आठ महिने

‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ल्यूक स्कायवॉकर, जेडाय नाइट’ हे पुस्तक आमच्या घरी येऊन आठ महिने झाले. सात वर्षांच्या मुलीला रात्री वाचून दाखवण्यासाठी ते घेतले होते. या काळात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत निदान पाच वेळा वाचून झाले आणि अधूनमधून एखादेच पान किती वेळा उघडले गेले, याची तर गणतीच नाही. पहिल्या आठवड्यात मत नोंदवले असते, तर ते नाराजीचे झाले असते.

नाराजीचे कारण सरळ होते. हे पुस्तक ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातल्या साहसपटांच्या कथेवर आहे; त्यातली सगळी पात्रे माझ्या डोळ्यांसमोर चित्रपटातल्याच रूपात होती आणि पुस्तकातली चित्रे त्या रूपांशी जुळत नव्हती. सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ अधिक सडपातळ, जवळजवळ बाईसारख्या बांध्याचा दिसतो आणि नायक ल्यूकचा चेहरा चित्रपटातल्या नटाचा नाही. ही चूक नव्हे, हे मला थोड्या शोधाशोधीनंतर कळले. चित्रे राल्फ मॅक्वारी यांची आहेत आणि त्यांतली कित्येक चित्रीकरण सुरू होण्याआधी, 1975 च्या सुमारास, दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या मनातली दुनिया निर्मात्यांना दिसावी म्हणून रंगवलेली आहेत. सी-थ्रीपीओच्या त्या रूपामागे 1927 च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटातली यंत्रस्त्री आहे. मॅक्वारी यांनी त्याआधी बोइंगसाठी तांत्रिक चित्रे काढली होती, शिवाय अपोलो मोहिमांच्या दूरचित्रवाणी वार्तांकनासाठी ॲनिमेशनही केले होते. त्यांची अंतराळयाने खोटी वाटत नाहीत, याचे श्रेय मी या अनुभवाला देतो.

मॅक्वारी 2012 मध्ये वारले आणि पुस्तक निघाले 2014 मध्ये. म्हणजे नेहमीचा क्रम येथे उलटा आहे: मजकूर लिहून झाल्यावर चित्रकाराला बोलावलेले नाही, तर तयार चित्रे समोर ठेवून टोनी डिटर्लिझी यांनी गोष्ट लिहिली आहे. डिटर्लिझी स्वतः नावाजलेले चित्रकार असूनही त्यांनी येथे कुंचला बाजूला ठेवला, हा निर्णय मला फार समजूतदारपणाचा वाटतो. चित्रपटातली छायाचित्रे चिकटवून केलेली पुस्तके मी पाहिली आहेत. 1979 मध्ये पहिल्या चित्रपटाच्या कथेचे चोवीस पानांचे पुस्तक ग्रामोफोनच्या छोट्या तबकडीसह निघाले होते आणि आर-टू-डी-टू या छोट्या यंत्राची शीळ ऐकू आली की पान उलटायचे, अशी त्यात सूचना असे. घरी चित्रपट पाहण्याची सोय नसलेल्या त्या काळात अशा पुस्तकाचे काम आठवण जागी ठेवण्याचे होते. आज चित्रपट हवा तेव्हा पाहता येतो, तेव्हा त्याची आठवण करून देणाऱ्या पुस्तकाला फारसा अर्थ उरलेला नाही; वेगळे काही दाखवणारे पुस्तकच टिकेल.

हे पुस्तक वेगळे काय दाखवते, ते मुलीकडे पाहून समजले. वाळवंटात उभ्या असलेल्या दोन यंत्रांच्या चित्रावर ती एकदा इतका वेळ थांबली, की मला वाटले झोप लागली. चित्रपटात असे दृश्य काही क्षणांत सरकून जाते. येथे ती त्यांच्या सावल्या, मागचे कडे आणि आकाशातले गोल निवांत पाहत होती. मग तिने विचारले, “बाबा, यांना तहान लागत नसेल, पण कंटाळा येत असेल ना?” खलनायक डार्थ व्हेडरच्या मुखवट्याबद्दलही तिने विचारले होते. सुरुवातीच्या पटकथेत त्याला एका यानातून दुसऱ्या यानात निर्वात अंतराळातून जायचे होते, म्हणून मॅक्वारी यांनी त्याला श्वासाचा मुखवटा दिला, हे उत्तर तिला गोष्टीतल्या उत्तरापेक्षा जास्त पटले.

पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मी वाचता वाचता मराठीत सांगतो आणि खरी कसरत तेथेच होते. ‘फोर्स’ला, म्हणजे गोष्टीतल्या अदृश्य सामर्थ्याला, ‘शक्ती’ म्हटले की देवी डोळ्यांसमोर येते, ‘ऊर्जा’ म्हटले की विजेचे बिल. शेवटी ‘बळ’ यावर आमचे एकमत झाले. ‘ड्रॉइड’साठी मी यंत्रमानव म्हणत होतो, तर “आर-टू कुठे माणसासारखा आहे? तो तर पिंप आहे” असा आक्षेप आला, आणि तेव्हापासून आमच्याकडे तो पिंप्याच आहे.

उणिवाही आहेत. 1977, 1980 आणि 1983 अशा तीन चित्रपटांचा सहा तासांहून मोठा ऐवज चौसष्ट पानांत बसवला आहे, आणि तिसऱ्या चित्रपटापर्यंत येताना गोष्ट धापा टाकू लागते. यानचालक हान सोलो आणि राजकन्या लेआ यांच्यातली नोकझोक, जी मोठ्यांना सर्वांत जास्त आठवते, ती उरली आहे असे म्हणवत नाही. यानांच्या लढाया कागदावर थिजतात; तेथे मला तोंडाने आवाज काढावे लागतात. व्हेडर ल्यूकचा बाप निघतो, तो प्रसंग मात्र पुस्तकाला चांगला मानवला. त्या रात्री मुलीने माझ्या हातातून पुस्तक घेतले, भराभर मागे जाऊन ल्यूकचा गुरू ओबी-वन याचे पान काढले आणि विचारले, “याला आधीपासून ठाऊक होतं?” चित्रपटगृहात असे मागे जाता येत नाही.

सहाव्या महिन्यात आम्ही तिला पहिला चित्रपट दाखवला. ती शांतपणे पाहत होती. फक्त सी-थ्रीपीओ आला तेव्हा तिने पुस्तक आणून मांडीवर उघडले, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि चित्रपटवाल्यांनी त्याला जाड केले आहे, अशी तक्रार केली.