डिफेन्सचा कोच व्हायचंय : कॉलेज की एनएफएल?

अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रोखणाऱ्या तुकडीचा, कोच व्हायचं ठरलं की पहिला फाटा लगेच लागतो: कॉलेजच्या संघात शिरायचं की एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या? हुद्दे दोन्हीकडे सारखेच, आधी पोझिशन कोच (एकाच जागेच्या खेळाडूंना शिकवणारा) आणि मग डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (अख्ख्या डिफेन्सची आखणी करणारा). त्यामुळे कॉलेज ही खालची पायरी आणि एनएफएल वरची, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात खेळच वेगळा आहे, आणि रोजचं काम तर त्याहून वेगळं.

मैदानच बघा. प्रत्येक डाव ज्या दोन हॅश मार्कांच्या (मैदानावर आखलेल्या खुणांच्या ओळींच्या) दरम्यान सुरू होतो, त्यांच्यातलं अंतर एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच, तर कॉलेजात ४० फूट. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. म्हणजे कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला १००. म्हणून कॉलेजचे बरेच डिफेन्स रुंद बाजू आणि अरुंद बाजू धरून मांडतात; कडेला पास झेलणाऱ्यांना रोखणारे दोन कॉर्नरबॅकही त्याच हिशोबाने निवडतात. एनएफएलमध्ये हा फरक फारसा उरत नाही, तिथे रिसीव्हर (पास झेलणारे) आणि टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) कुठे उभे आहेत यावर मांडणी फिरते.

नियमांचंही तसंच. पास पुढे जाणार असेल तर ऑफेन्सच्या (चेंडू असलेल्या संघाच्या) पुढच्या फळीतल्या लाइनमनला कॉलेजात ३ यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये फक्त १. त्यामुळे कॉलेजचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) गार्डकडे (लाइनमनपैकी एकाकडे) बघून धावण्याचा डाव समजतो, पुढे झेपावतो आणि त्याच्या पाठीमागे पास पडतो. हे रोज घोटून घ्यावं लागतं. रिसीव्हरला अडवून धरणं एनएफएलमध्ये ५ यार्डांनंतर बंद. कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत बरीच मोकळीक असते. पास इंटरफिअरन्सचा (पास झेलताना अडवण्याचा) दंड कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्ड, एनएफएलमध्ये जिथे फाउल तिथे चेंडू. मागे पडलेल्या कॉर्नरबॅकने सरळ रिसीव्हरला पकडायचं, हा कॉलेजात शहाणपणा ठरू शकतो. तीच सवय एनएफएलमध्ये ४० यार्डांना पडते.

सुरुवातीची नोकरी कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंटची: पदव्युत्तर शिक्षण, फी बहुधा माफ, हातात जेमतेम मानधन. एनएफएलमध्ये तिच्या तोडीची जागा क्वालिटी कंट्रोलची. काम जवळपास एकच, प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची फिल्म डावाडावाने फोडायची. प्रत्येक डावाला डाउन (१० यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, मैदानातली जागा, खेळाडूंचा संच, फॉर्मेशन (मांडणी) आणि मोशन (डाव सुरू होण्याआधीची हालचाल) नोंदवायचं. चूक कुठे होते ते सांगतो. एका सामन्यात साधारण १२-१४ थर्ड डाउन येतात. चार सामने धरले तर पन्नासेक. त्यांचे हव्या असलेल्या यार्डांनुसार २-३, ४-६, ७-१० आणि त्याहून लांब असे गट पाडले की एकेका गटात दहा-पंधराच डाव उरतात. त्यातले दोन चुकीच्या गटात गेले की प्रतिस्पर्ध्याची सवयच वेगळी दिसते आणि कोऑर्डिनेटर भलत्याच डावासाठी ब्लिट्झ (पास फेकणाऱ्यावर जादा खेळाडू सोडणं) आखतो. स्काउट टीमच्या (सरावात प्रतिस्पर्ध्याचे डाव खेळणाऱ्यांच्या) कार्डांचंही तेच: रूट (रिसीव्हरचा मार्ग) १२ यार्डांचा असताना ८ वर वळवलेला काढला, तर कॉर्नर आठवडाभर खोट्या चित्रावर सराव करतो.

फरक असा की ग्रॅज्युएट असिस्टंटला मैदानावर खेळाडू हाताळायला मिळतात. क्वालिटी कंट्रोलवाल्याला वर्ष-दोन वर्षं स्क्रीनच. शिवाय २०२४ पासून कॉलेजात इतर कर्मचाऱ्यांनाही मैदानावर शिकवायची मुभा मिळाली आहे. भरतीसाठी, म्हणजे शाळकरी खेळाडू संघात आणण्यासाठी, बाहेर फिरायचं मात्र हेड कोच आणि ठरलेल्या दहा असिस्टंटांनीच.

भरती, हाच खरा कस. डिसेंबरमध्ये शाळकरी खेळाडूंच्या सह्या, जानेवारीत ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी), आणि त्याच दिवसांत बोल (हंगामाअखेरचा सामना) किंवा प्लेऑफची तयारी. रात्री दहाला सतरा वर्षांच्या पोराच्या आईशी फोनवर बोलायचं जिवावर येत असेल, तर कॉलेजच्या वाटेला जाऊ नका. एनएफएलमध्ये ती भानगड नाही. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनची आखणी, गुरुवारी थर्ड डाउन, शुक्रवारी रेड झोन (गोलरेषेआधीचे शेवटचे २० यार्ड). खेळाडू पूर्णवेळ तुमचे. पण पॅड घालून सराव अख्ख्या सीझनमध्ये फक्त १४, तेव्हा टॅकलिंग मुळापासून शिकवायला वेळ नसतो. कॉलेजात हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा, त्यात मीटिंगाही आल्या. एनएफएलची जाडजूड प्लेबुक तिथे नेणारा कोऑर्डिनेटर इथेच आपटतो.

नोकरीची शाश्वती दोन्हीकडे बेताचीच. जिम नोल्सने २०२४ च्या सीझनमध्ये ओहायो स्टेटच्या डिफेन्सची सूत्रं सांभाळत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, लगेच पेन स्टेटला गेला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या हेड कोचलाच काढलं. असिस्टंटचं नशीब हेड कोचच्या हातात. उलट ब्रेंट व्हेनेबल्सने क्लेमसनमध्ये दहा सीझन एकच खुर्ची सांभाळली, २०१६ आणि २०१८ ची विजेतेपदं पाहिली आणि ओक्लाहोमाचा हेड कोच झाला. विक फँजिओ १९८६ मध्ये एनएफएलमध्ये आला, १९९५ मध्ये कोऑर्डिनेटर झाला. सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी. सरकारी विद्यापीठांचे करार बहुतेक ठिकाणी मागून बघता येतात, एनएफएलचे पगार बाहेर येत नाहीत. सही करण्यापूर्वी एक कलम वाचाच: काढून टाकल्यावर नवी नोकरी लागली, तर तो पगार जुन्या संघाच्या देण्यातून वजा होतो का?

भारतातून जाणाऱ्यासाठी कॉलेजच सोपं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम त्यात बसवणं जिकिरीचं, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी आधीच बोला. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून विद्यापीठांना सूट आहे, एनएफएल संघांना नाही.

ओळखपाळख नसेल तर आमचं मत कॉलेजच्या बाजूने. माइक मॅकडॉनल्ड जॉर्जियात ग्रॅज्युएट असिस्टंट होता, २०१४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्समध्ये इंटर्न झाला, मध्ये एक वर्ष मिशिगनचा कोऑर्डिनेटर, आणि २०२४ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सचा हेड कोच. भरती नकोशी असेल आणि फिल्मसमोर चौदा तास सहज जात असतील, तरच थेट एनएफएल. कॉलेजच्या ओळखी जानेवारीत कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनात होतात, एनएफएलच्या अलाबामातल्या मोबील शहरात सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या आठवड्यात. जाताना एकाच पोझिशनची दहा मिनिटांची फिल्म कापून न्या आणि प्रत्येक डावात त्या खेळाडूचं पहिलं पाऊल कुठे पडलं, ते सांगायची तयारी ठेवा.