हळदीचा डाग लाल झाला आणि मी पैसे मोजले

गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुण्यातील आमच्या राहत्या घरी डाग काढून देण्याच्या नावाखाली माझी जी फसवणूक झाली, ती रकमेने फार मोठी नाही. 8,499 रुपये गेले आणि हॉलमधील संगमरवराचा एक तुकडा खराब झाला. तरीही हे सविस्तर लिहितो आहे, कारण ज्या दोन गोष्टी पाहून मी भुललो त्या माझ्या डोळ्यांदेखत खरोखरच घडल्या होत्या. त्यांचा अर्थ तेवढा मला खोटा सांगण्यात आला.

फाटकाशी वाटलेल्या पत्रकावर 'संपूर्ण हॉल 1,499 रुपये' असे छापलेले होते. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी एकसारखे टी-शर्ट घातलेले दोन तरुण मशीन घेऊन हजर झाले. आमच्या फिकट रंगाच्या सोफ्यावर आमटी सांडून पडलेला तळहाताएवढा पिवळा डाग होता. त्यांच्यापैकी एकाने त्यावर पांढऱ्या बाटलीतून काहीतरी फवारले आणि क्षणार्धात तो डाग विटेसारखा लालभडक झाला. "पाहा काका, आत किती मळ मुरलाय! आता वर आला," असे म्हणून त्याने दुसऱ्या, आंबूस वासाच्या बाटलीतून फवारा मारला, तशी लाली नाहीशी झाली आणि ट्यूबलाइटच्या उजेडात त्या ओल्या कापडावर उरलेला फिकट पिवळेपणा माझ्या नजरेला दिसलाच नाही. माझी खात्री पटली आहे हे ओळखून मग त्याने सांगितले की 1,499 रुपयांत फक्त धूळ ओढून घेतली जाते, डागांचे दर डागामागे 350 रुपये. डाग मोजण्याचे काम अर्थातच त्यानेच केले आणि ते चौदा भरले.

संध्याकाळी सौ. कोल्हापूरहून परतल्या. मी कौतुकाने सारा प्रकार सांगितला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं. ती लाल झाली, यात त्यानं काय काढलं?" पहिल्या बाटलीत साबणासारखे किंवा सोड्यासारखे अल्कधर्मी पाणी असणार, त्याने हळद लाल झाली, दुसरीत लिंबूसत्त्वासारखे काहीतरी आंबट, त्याने ती पुन्हा पिवळी झाली. सकाळी सोफा वाळला, तेव्हा हळद होती तिथेच होती, उलट पाण्यासोबत पसरून तिच्याभोवती एक तपकिरी कडाही उमटली होती.

संगमरवराची गोष्ट याहून वाईट. टीपॉयशेजारी लिंबाच्या सरबताचा एक पांढुरका ओघळ होता. खरे पाहता तो डागच नव्हता. आम्लाने दगडाची चकाकी खाल्ल्याची ती खूण होती, आणि अशी खूण पुसून जात नाही, मशीनने घासून पुन्हा पॉलिशच करावे लागते. या गृहस्थाने त्यावर लेबल नसलेल्या कॅनमधून उग्र वासाचे पिवळसर पाणी ओतले. सळसळून फेस आला. फेस येतो म्हणजे घाण सुटते, असे त्याने सांगितले आणि मी मान डोलावली. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर अ‍ॅसिड पडले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणजे फेसाळत होती ती घाण नव्हे, माझी फरशीच. चुनखडीच्या जातीच्या शहाबादी, कोटा आणि कडप्प्याचेही असेच होते. वरून मेणासारखे काहीतरी चोळून त्याने 'सील' केल्याचे 2,100 रुपये लावले. ती चकाकी दोन आठवडे टिकली. मग रोजच्या पोछ्याने मेण निघून गेले आणि खाली खडूसारखा खरखरीत पट्टा उघडा पडला. लोकरीच्या गालिच्यावरील चहाच्या डागावर त्यांनी ब्लीच वापरले होते, तिथली लोकर पिवळी पडून आता बोटाने तुटते.

पत्रकावरील फोन तोवर बंद झाला होता. पैसे यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यात गेले होते, बिल मी मागितले नव्हते, आणि पत्रकावर पत्ताच नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार मांडायला बसलो तेव्हा कळले की ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याचे नाव-गावच आपल्याला ठाऊक नाही. म्हणून, असे कोणी घरी आलेच, तर काम सुरू होण्यापूर्वी एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी, लेबल नसलेली बाटली उघडू देऊ नये, सोफ्याच्या मागच्या बाजूला आधी करून दाखवायला सांगावे आणि ती जागा पूर्ण वाळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ओल्या कापडावर डाग गेल्यासारखा दिसू शकतो.

सोफ्याचा डाग शेवटी फुकटच गेला. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून आम्ही सोफा ओढून खिडकीशी नेला आणि आठ-दहा दिवसांत पिवळेपणा ओळखू येईनासा झाला. ती तपकिरी कडा मात्र अजून आहे. फरशी घासून द्यायला पॉलिशवाला एकट्या पट्ट्यासाठी यायला तयार नाही, सगळा हॉल करावा लागेल म्हणतो. तूर्त टीपॉय दीड फूट सरकवून त्या पट्ट्यावर ठेवला आहे.