इसे जिंगू, म्हणजे जपानमधलं मोठं देवस्थान, आईबाबांना घेऊन गेले होते, अनुभव सांगते

नागोयाहून किंतेत्सु ट्रेनने दीड तासात इसे-शी स्टेशन, तिथून गेकू, म्हणजे बाहेरचं देऊळ, चालत पाच मिनिटं. आधी गेकू मग नाइकू, म्हणजे आतलं देऊळ, असा तिथला रिवाज आहे, तो पाळाच. गेकूची देवी तोयोउके अन्नाची देवता, आणि तिथे देवांना रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य असतो, भात मासे मीठ पाणी साके (तांदळाची दारू), अग्नीसुद्धा लाकडावर लाकूड घासून पेटवतात. हे ऐकल्यावर आईला तिथे एकदम आपलंसं वाटायला लागलं.

मग बसने नाइकू. उजी पूल ओलांडला की पुढे इसुझु नदीच्या काठावर पायऱ्या आहेत, तिथे नदीतच हात धुवायचे, पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजावेत. मुख्य देवळापाशी मात्र मूर्ती नाही, समोर फक्त पांढरा पडदा. आई म्हणाली, "अगं, दर्शन कुठाय?" तेवढ्यात वारा आला, पडदा जरासा उचलला गेला आणि तिने पटकन हात जोडले. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. पायऱ्यांच्या वर फोटो चालत नाही आणि ते फार बरं आहे, लोक खरंच शांत उभे राहतात.

पण मला सगळ्यात भिडली ती शेजारची रिकामी जागा, नुसती खडी पसरलेली. दर 20 वर्षांनी अख्खं देऊळ तिथे नव्याने बांधतात, पहिल्यांदा 690 साली, मध्ये लढायांच्या काळात शंभरावर वर्षं खंड पडला तरी परत सुरू केलं, 2013 ला 62वी वेळ झाली, आता 2033. जुनं लाकूडही टाकत नाहीत, उजी पुलाच्या दोन्ही टोकांचे तोरी (लाकडी कमानी) जुन्या देवळांच्या खांबांचेच आहेत. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलंय, ते त्या खांबाला हात लावून कितीतरी वेळ उभे होते. म्हणाले, वीस वर्षं बरोबर आहेत, पोरगा शिकतो तोवर म्हातारा हयात असतो.

प्रवेश फुकट. वीकेंडला बसला खूप रांग असते, सकाळी लवकर निघा, नाइकू पाचला उघडतं. बाहेर गल्लीत आकाफुकु नक्की खा, मऊ मोचीवर (तांदळाच्या चिकट गोळ्यावर) लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण, वर बोटांच्या तीन रेघा म्हणजे इसुझुचा प्रवाह. शाकाहारींना बिनधास्त चालतं. इसे उदोन या जाड नूडल्सच्या रसात मात्र मासा असतो, आईला आम्ही आकाफुकुच दोनदा दिलं.