बेंटली मार्क सिक्स, जॅग्वार मार्क टू की सिल्व्हर शॅडो? कोल्हापुरात ठेवायची असेल तर

जुनी ब्रिटिश लक्झरी गाडी घ्यायचा नाद लागलेले आपल्याकडे कमी नाहीत. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येताना बघत मोठी झालेली माणसं आपण, ती गाडी जर्मन असली म्हणून काय झालं, किडा तिथंच चावतो. मग पैसे जमले की नावं फिरून फिरून हीच तीन येतात. बेंटली मार्क सिक्स, जॅग्वार मार्क टू आणि रोल्स रॉइसची सिल्व्हर शॅडो.

तिन्ही भारी आहेत, पण लंडनमध्ये बसून लिहिलेली तुलना आपल्या कामाची नाही. आपला हिशोब वेगळा. उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश, लाईनर सगळं होतं, एखादा पार्ट जगात मिळेना झाला तर पॅटर्न करून शिरोलीत कास्टिंग ओतून घेता येतं, लोखंडाच्या कामाला आपल्याला पुण्यालासुद्धा जावं लागत नाही. पण जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पत्रा आतून कुजत जातो आणि बाहेरून पॉलिश चकाचक. त्यामुळं इंजिन दमलेलं चालेल, पत्रा दमलेला चालणार नाही, हे धरून पुढचं वाचा.

सिल्व्हर शॅडोवर सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून आधी तीच. १९६५ ते १९८० निघाली, एवढ्या वर्षांत भरपूर बनल्या, म्हणून रोल्समध्ये त्यातल्या त्यात स्वस्तात मिळते, आणि बॉनेटच्या टोकावरची ती बाईची मूर्ती बघितली की माणूस विचार करायचाच थांबतो. पण आत सिट्रोएनच्या लायसन्सवरची हायड्रॉलिक सिस्टीम आहे, इंजिनवर चालणारे पंप, सुमारे २,५०० पीएसआय प्रेशर, ब्रेक त्याच्यावर आणि मागची लेव्हलसुद्धा त्याच्यावर. तिला आरआर ३६३ नावाचं वेगळं ब्रेक फ्लुइड लागतं, कुणी गडबडीत मिनरल ऑइल ओतलं की सगळी सील फुगून बाद. बघायची पद्धत सोपी आहे, इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, बंद करा, इग्निशन ऑन ठेवून ब्रेक पेडल दाबत राहा. बऱ्याच वेळा दाबल्यावर डॅशवरचा लाल दिवा लागला तर ठीक, चार-पाच दाबातच लागला तर प्रेशर साठवून ठेवणारे अॅक्युम्युलेटर गेलेत आणि खर्चाला तयार राहा. शिवाय व्ही-एट इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत वेट लाईनर (म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे), त्यात कूलंटच पाहिजे, आणि आपल्याकडं वर्षानुवर्षं नळाचं पाणी घालून चालवणारे महाभाग आहेत. मागच्या सर्व्हिसची बिलं नसलेली शॅडो कितीही देखणी असू दे, मी तरी हात लावणार नाही. बेंटली टी सीरिज म्हणजे वेगळ्या रेडिएटरची हीच गाडी, तिला वेगळा न्याय नाही.

जॅग्वार मार्क टू, १९५९ ते १९६७. चालवायला तिघींत हीच मजेची, ३.८ लिटरपर्यंतचं इंजिन, चारी चाकांना डिस्क ब्रेक, आत अक्रोडाच्या लाकडाचा डॅश. तिचं हे एक्सके इंजिन १९४९ पासून १९९२ पर्यंत कुठल्या ना कुठल्या गाडीत बसत होतं त्यामुळं पार्टची चिंता नाही, ब्लॉक बिडाचा आहे म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या ओळखीचा. घोळ पत्र्यात आहे. मोनोकॉक बॉडी, वेगळी चेसिस नाहीच, म्हणजे दाराखालची पट्टी (सिल) कुजली, जॅक लावायची जागा कुजली, मागचे पाटे जिथं अडकतात तो भाग कुजला की गाडीचा कणाच गेला. चुंबक घेऊन जा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय, आणि रंग ताजा असेल तर डबल संशय घ्या. रंकाळ्याच्या गर्दीत संध्याकाळी गरम पण होते, इलेक्ट्रिक फॅन बसवलेली असेल तर ओरिजिनल नाही म्हणून नाक मुरडू नका, उलट मालक शहाणा आहे असं समजा.

आता बेंटली मार्क सिक्स, १९४६ ते १९५२, जिच्याकडं फारसं कुणी बघत नाही आणि मला सगळ्यात पटते ती. वेगळी चेसिस, सहा सिलिंडरचं शांत इंजिन, पुढचे ब्रेक हायड्रॉलिक, मागचे सळ्यांचे, आणि मदतीला गिअरबॉक्सवर चालणारा, ब्रेकला जोर देणारा मेकॅनिकल सर्वो. जे बिघडेल ते डोळ्यांना दिसतं आणि लेथवर होतं. चेसिसला ऑइल द्यायला पायाशी एक पेडल आहे, दाबलं की बारीक नळ्यांतून सगळीकडं ऑइल जातं, त्या नळ्या तुंबल्यात का ते खाली झोपून बघा, विकणारा बघू देत नसेल तर चहा पिऊन निघून या. १९५१ च्या आधीच्या इंजिनात फुल-फ्लो, म्हणजे सगळं ऑइल गाळणारा, फिल्टर नाही, त्यामुळं आत घाण आणि झीज धरूनच किंमत बोला. कारखान्याची स्टीलची बॉडी असलेलीच घ्या, बाहेरच्या कोचबिल्डरच्या बॉडीत आत बहुतेक वेळा लाकडी सांगाडा असतो, दिसायला राजेशाही पण आपल्या पावसात आणि वाळवीत तो सांभाळायचा म्हणजे जन्माचं काम. तोटा एवढाच की जड आहे, पन्हाळ्याच्या चढाला घाई करत नाही. पार्किंग मात्र शॅडोपेक्षा सोपं, शॅडो सव्वापाच मीटरच्या आसपास, तिला महाद्वार रोडला न्यायचा विचारही करू नका.

पेट्रोलचं तिन्हीला सारखंच. ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मधलं इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं असलं तरी जुन्या रबरी पाइपांना ते सोडत नाही, घेतल्या घेतल्या सगळे पाइप आणि पंपाचे डायफ्राम इथेनॉल चालणारे टाका, आग लागल्यावर नको.

कागदांचं जरा नीट ऐका. आपल्याकडं कितीतरी जुन्या गाड्यांत एकेकाळी डिझेल इंजिन टाकलंय, तेव्हा आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंबरात व्हीए येतं, जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर, रोज दुकानाला न्यायला नाही. बाहेरून आणायची तर आधी १९५० पूर्वीचीच यायची, २०२५ पासून ५० वर्षांहून जुनी आणता येते, पण ड्युटी धरली की आकडा ऐकून घरचे बोलायचे बंद होतील. त्यात ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिकडची मार्क टू फोटोवर घेऊ नका. राजस्थान, सौराष्ट्राकडची गाडी पत्र्याला कोरडी मिळते, रबर आणि लाकूड वाळलेलं असतं, ते परवडलं.

आणि गाडी सांगली-कोल्हापुरातलीच असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठं उभी होती ते सरळ विचारा, उत्तर काहीही येऊ दे, कार्पेट उचलून सीटच्या स्प्रिंगांत बोट घालून बघाच. इंजिन गार असताना पहिला स्टार्ट तुमच्या समोर झाला पाहिजे, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, आणि आरटीओत नंबर तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.