टेबल फेंगशुईचं, बाग वास्तूची

घरून काम सुरू झालं तेव्हा आमच्या दहा बाय नऊच्या खोलीत टेबल कुठं लावायचं यावरून घरात दोन तट पडले. दार पश्चिमेला, खिडकी पूर्वेला. सासूबाईंचं म्हणणं, "पूर्वेकडं तोंड करून बस, वास्तू तेच सांगते." जाऊबाई फेंगशुईवाल्या. त्या म्हणाल्या, "अगं, दाराकडं पाठ? अजिबात नको."

आधी सासूबाईंचं ऐकलं. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर, त्यामुळे स्क्रीन दिसेना. कानात हेडफोन असताना लेक मागून खांद्यावर हात ठेवायचा आणि मी दचकून उडायचे. मीटिंगमध्ये माझ्यामागं उघडं दार आणि त्यातून पंचा नेसून ये-जा करणारे सासरे.

मग टेबल फिरवलं. पाठ दक्षिणेच्या कोऱ्या भिंतीला, तोंड उत्तरेला. दार डावीकडं डोळ्याच्या कोपऱ्यात, खिडकी उजवीकडं. वास्तूला उत्तर चालते. फेंगशुईला हवी असते पाठीशी भक्कम भिंत आणि दार दिसेल, पण दाराच्या सरळ रेषेत येणार नाही अशी जागा, तीही मिळाली. फक्त टेबल भिंतीपासून सुटल्यामुळे खोलीतली फिरायची जागा गेली आणि एक्स्टेंशनची वायर सतरंजीखाली घालावी लागली.

दोन्हींच्या सल्ल्यात फरक पडतो तो मुळातच. फेंगशुई म्हणजे वारा आणि पाणी. थडग्यासाठी, गावासाठी जागा निवडताना पाठीशी डोंगर, पुढ्यात पाणी आणि मोकळं मैदान बघायचं, हा चीनमधला जुना हिशोब. टेबलाचा नियम ही त्याचीच छोटी आवृत्ती: भिंत म्हणजे डोंगर. वास्तूत मात्र आठ दिशा आणि त्यांचे दिक्पाल ठरलेले, त्यामुळे टेबलाच्या बाबतीत ती दिशा आधी विचारते, दार नंतर. बसून काम करणाऱ्या माणसाला फेंगशुईचा प्रश्न जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत. यातली 'ऊर्जा' कुणी मोजून दाखवलेली नाही. दचकणं बंद झालं, तेवढं मला पुरतं.

फेंगशुई घेणार असाल तर एक सावधगिरी: त्यातही घराणी आहेत. लुओपान नावाचं होकायंत्र वापरणारे धनाचा कोपरा आग्नेयेला सांगतात. लिन युन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजवलेली पद्धत होकायंत्र बघतच नाही. दारातून आत शिरल्यावर लांबचा डावा कोपरा धनाचा. माझ्या खोलीत तो ईशान्येला येतो. दोन पुस्तकं एकदम उघडलीत तर टेबल फिरवतच बसाल.

बागेत मात्र माझं झुकतं माप वास्तूला. फेंगशुईत घर दक्षिणमुखी आणि आडोसा उत्तरेला, कारण चीनमध्ये हिवाळ्याचा बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून. (आपल्याकडं दक्षिणमुखी म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं!) महाराष्ट्रात छळतं ते उन्हाळ्यातलं पश्चिमेचं ऊन, आणि पावसाचा मारा येतो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. वास्तूचा सल्ला असा की मोठी झाडं दक्षिणेला, पश्चिमेला, आणि ईशान्य मोकळी. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन आत, दुपारचं बाहेर. यात मी एक दुरुस्ती करते. पुण्यात डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो. दक्षिणेला उंच झाडं लावलीत तर शेवंतीचा वाफा हिवाळाभर सावलीत. म्हणून उंच झाडं पश्चिमेलाच.

पाणी वास्तूत ईशान्येला, फेंगशुईत घराच्या पुढ्यात, शक्यतो वाहतं. कुठंही ठेवा, पण साचलेलं असेल तर आठवड्याच्या आत बदला. डेंग्यूच्या डासाला तेवढे दिवस पुरतात.

वाट कशी आखायची हे मात्र चिनी बागांकडूनच शिकावं. सुझोऊच्या जुन्या बागांत वळणाच्या वाटा, नागमोडी पूल आणि गोल चंद्रदारं आहेत. सगळी बाग एका नजरेत दिसतच नाही. वांगशी युआन ही तिथली प्रसिद्ध बाग सव्वा एकरच्या आसपास, तरी फिरताना बरीच मोठी वाटते. आमच्या गच्चीवर दाराच्या सरळ रेषेतल्या कुंड्या मी थोड्या तिरक्या मांडल्या आणि मध्ये एक जास्वंद आणली. कोपऱ्यातली खुर्ची आता चार पावलं पुढं गेल्यावरच दिसते.

दुकानातल्या वस्तूंवर पैसे घालवू नका. 'लकी बांबू' बांबू नाहीच, ती मूळची आफ्रिकेतली ड्रासीना. लाफिंग बुद्धाही गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातला बुदाई नावाचा झोळीवाला चिनी भिक्षू तो.

आणि 'नैर्ऋत्य जड करा' म्हणून गच्चीच्या त्या कोपऱ्यात मोठे वाफे बांधणार असाल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर जाते.