लव्ह ब्रेसलेट रोजच्या वापरात: माप, स्क्रू आणि सोलापूरचं पाणी

कार्तिये या फ्रेंच दागिन्यांच्या कंपनीचं १८ कॅरेट सोन्याचं लव्ह ब्रेसलेट घेताना सगळं बोलणं किमतीवर होतं. काही महिने ते आंघोळीला, स्वयंपाकाला, झोपेतही हातात राहिलं की कळतं, महत्त्वाच्या गोष्टी दोनच: माप आणि स्क्रू. ही दोन जमली तर रोज घालायला याच्याइतकं सोयीचं सोनं नाही. नाही जमली तर एवढी महागाची वस्तू कपाटात पडून राहते.

१९६९ साली डिझायनर आल्डो चिपुलो यांनी न्यूयॉर्कमध्ये हे डिझाइन केलं, ते दुसऱ्या माणसानं आपल्या हातात बसवून द्यावं या कल्पनेनं. दोन सुटे अर्धे भाग, दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर. वरचे बाकीचे स्क्रू नुसती नक्षी. आकार लंबगोल, त्यामुळे बांगडीसारखं गरगर फिरत नाही. नेहमीच्या मॉडेलची रुंदी ६.१ मिलिमीटर. स्मॉल ३.६५ मिलिमीटरचं, त्याला एका बाजूला बिजागरी आणि एकच स्क्रू. घालायला-काढायला घरात दुसरं कुणी नसेल तर स्मॉलच घ्या.

नंबर म्हणजे आतला घेर सेंटिमीटरमध्ये. मनगटाच्या हाडाजवळ टेप लावून येणाऱ्या मापात १ ते २ सेंटिमीटर मिळवायचे. माप दुपारी घ्या, आणि जमलं तर उन्हाळ्यात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हात फुगतात, आणि डिसेंबरच्या सकाळी घेतलेलं माप तेव्हा आवळायला लागतं. पण म्हणून फार सैलही घेऊ नका. सैल ब्रेसलेट तळहाताकडे उतरतं, टेबलावर, गाडीच्या हँडलवर आपटतं आणि चरे दुप्पट पडतात. माप चुकलं तर ओळखीच्या सोनाराकडे वाढवून घेता येईल, या भरवशावर राहू नका. जोड कापून वाढवला की लंबगोल बिघडतो आणि दोन्ही भाग एकमेकांत नीट बसत नाहीत.

घालताना खाली जाड कापड अंथरा, कोपर टेबलावर टेका. एक भाग मनगटाखाली, दुसरा वर, दोन्हींच्या जिभा खाचेत पूर्ण गेल्यात ना ते बघा. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे फिरवा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की समोरची जीभ तिरकी बसते आणि स्क्रूचे आटे खराब होतात. स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत उभं आणि पूर्ण भरून बसायला हवं. स्क्रू सोन्याचा, पातं पोलादाचं. पातं घसरलं की खाचेची कड मोडते. स्क्रू तळाला टेकला की थांबा, जोर लावू नका.

स्क्रू हळूहळू सैल होतात, विशेषतः रोज दुचाकी चालवणाऱ्यांचे, कारण हँडलचे हादरे थेट मनगटात येतात. आठवड्यातून एकदा अंगठ्याचं नख स्क्रूवरून फिरवा. नख अडकलं तर स्क्रू वर आलाय. आपल्याकडच्या टेरी टॉवेलनं हे आणखी लवकर कळतं: हात पुसताना टॉवेलचा फासा जोडापाशी अडकून ओढला गेला की त्याच दिवशी स्क्रू आवळा. जुन्या घडणीत स्क्रू पूर्ण निघून पडू शकतो. नव्या घडणीत तो ब्रेसलेटलाच अडकून राहतो. फेविक्विकसारखा गोंद चुकूनही लावू नका.

ज्वारीची भाकरी करणाऱ्या हातांसाठी एक वेगळी गोष्ट. गरम पाण्यात पीठ मळताना तळहाताच्या टाचेनं जोर लागतो आणि ब्रेसलेटची खालची बाजू परातीच्या काठाला घासते. सगळ्यात खोल चरे तिथेच सापडतात. वर पीठ खाचेत वाळून सिमेंटसारखं घट्ट होतं. भाकरीच्या वेळी ते कोपराकडे जाईल तितकं सरकवा, आणि रात्री कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण आणि मऊ टूथब्रशनं जोड घासा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची धार फिल्टरच्या पाण्याची, नाहीतर खाचेत पांढरा क्षार साठतो. ब्लीचिंग पावडरपासून आणि पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनपासून मात्र खरंच जपा. शुद्ध सोनं त्याला सहसा दाद देत नाही, पण १८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्केच. उरलेल्या तांब्या-चांदीवर क्लोरीन काम करतं. सनस्क्रीननंतर कातडीवर काळपट पट्टा दिसला तर सोन्याला बोल लावू नका. क्रीममधल्या झिंक ऑक्साइडचे कण सोनं घासतात, तो रंग त्या घासण्याचा.

याच हातात हिरवा चुडा घालू नका. काच सोन्यापेक्षा कितीतरी कठीण, ती ब्रेसलेट घासत राहते. २२ कॅरेटच्या पाटल्यांसोबत उलटं होतं: १८ कॅरेट जास्त कडक, त्यामुळे झिजतात त्या पाटल्या. एका हातात ब्रेसलेट, दुसऱ्यात बांगड्या, हेच बरं.

पहिल्या महिन्यातला एकेक चरा जिवाला लागतो. पुढे ते एकमेकांत मिसळतात आणि सगळ्या अंगावर सारखी मंद झाक येते, ती कोऱ्या चकाकीपेक्षा देखणी दिसते. पॉलिशची घाई नको. प्रत्येक पॉलिश थोडं सोनं नेतं आणि स्क्रूच्या नक्षीच्या कडा बोथट होतात. करायचंच तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई गाठा आणि कंपनीच्याच दुकानात द्या.

विकण्याचा विचार असेल तर सराफ कट्ट्यावर वजनाला ७५ टक्क्यांचा भाव मिळेल, नावाचा नाही. नावाचे पैसे हवे असतील तर पेटी, सर्टिफिकेट, बिल आणि आतल्या बाजूचा सिरियल नंबर, सगळं जपून ठेवा. परदेशात घेतलेल्यावर आपला एचयूआयडी (भारतीय हॉलमार्कसोबत कोरलेला ओळख क्रमांक) नसतो, म्हणून बिल जास्तच महत्त्वाचं.

स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय ते घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. एमआरआय किंवा ऑपरेशनआधी ब्रेसलेट काढावंच लागतं. हात मुरगळला तर आधी ते उतरवा, मग बर्फ लावा; सूज चढल्यावर दोन्ही भाग वेगळे करताना कातडी जोडात चिमटते.